तुम्ही विचारलंत म्हणून: धरण तर झालंच ना?

विचारणारा माणूस बहुतेक वेळा चांगला असतो, हीच पंचाईत आहे. गेल्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारलं, "तुम्ही नर्मदेच्या आंदोलनात होता म्हणे. पण धरण तर झालंच ना? मग तुमच्या अहिंसेने मिळवलं काय?" मी मठ्ठ्याची वाटी उचलली आणि विषय बदलला. तीस वर्षं हेच करत आले आहे. आता एकदा लिहूनच टाकते.

हो, सरदार सरोवर धरण झालं. १३८.६८ मीटर, पूर्ण उंचीचं. सप्टेंबर २०१७मध्ये लोकार्पणही झालं. ते हवं होतं की नको, यात आज शिरत नाही. त्यावर आपली भांडणं करून झाली आहेत.

माझ्याकडे एक पाठ केलेलं उत्तर आहे. जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करायला लावली, मोर्स समितीचा अहवाल १९९२मध्ये आला, पुढच्या वर्षी उरलेलं कर्ज थांबलं. १९९५ ते १९९९ सर्वोच्च न्यायालयाने भिंत वाढू दिली नाही. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९मध्येच बुडणाऱ्यांना जमिनीला जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब असं लिहून ठेवलं होतं. पण कागदावरची ती जमीन सातबाऱ्यावर उतरली ती लोक जागचे हलले नाहीत म्हणून. हे सगळं खरं आहे. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. म्हणूनच हल्ली ते सांगताना माझा मलाच कंटाळा येतो.

काहीजण पुढे जाऊन म्हणतात, हत्यार उचललं असतं तर सरकार वठणीवर आलं असतं. अहो, मुळशी विसरलात का? १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी अखेर अहिंसा बाजूला ठेवली, कामाची रेल्वे अडवली, तुरुंग भोगला. मुळशीचं धरण कुठे आहे ते पुण्याच्या माणसाने मला विचारू नये.

पण मला गप्प करतो तो प्रश्न हा नाहीच. तो पंगतीत कोणी विचारत नाही.

१९९४चा हिवाळा. गावाचं नाव सांगत नाही, ते आता पाण्याखाली आहे. मी तेवीस वर्षांची, पुण्याहून येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. दुसऱ्या दिवशी पोलीस घेऊन मोजणीवाले येणार, असा निरोप होता. रात्री बैठक बसली. प्रत्येक घराच्या कुडावर तीरकामठा टांगलेला असायचा; बांबूचा कामठा, दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. बाजाराला, लग्नाला जाताना पुरुषाच्या खांद्यावर तो असायचाच, जसं आपल्याकडे जुन्या माणसाच्या डोक्यावर पागोटं. मी म्हटलं, उद्या हे घरी ठेवायचं. नुसता दिसला तरी त्यांना निमित्त मिळेल. दोन तास वाद झाला. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा शेवटपर्यंत मानेना. मी त्याच्या हातातून कामठा घेतला आणि स्वतः कुडाला टांगला. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! रात्री वहीत लिहिलं, "आज शस्त्राशिवाय जिंकलो." वही अजून आहे, फाडायचं धाडस होत नाही.

सकाळी आम्ही हातात हात गुंफून पायवाटेवर बसलो. बायका पुढे, त्यांच्यात मी. काठ्या सुरू झाल्या तेव्हा एका हवालदाराने माझा दंड धरला आणि म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा." माझं मराठी, माझा चष्मा, माझा झोळणा, सगळं त्याला दिसलं होतं. मला उचलून आंब्याखाली ठेवलं, चक्क सामान ठेवावं तसं. तिथून मी बाकीचं पाहिलं. त्या मुलाने डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता. मनगट आणि दोन बोटं मोडली. धडगावपर्यंत त्याला झोळीत घालून नेला, जवळजवळ दिवसभराची चाल. हाड जुळलं, बोटं वाकडीच राहिली.

चौथ्या दिवशी त्याची आई माझ्यासमोर येऊन बसली. पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, काहीतरी म्हणाली. मला अर्धंच कळलं, शेजारच्या पोराने मराठीत सांगितलं, "ती विचारते, तुला का नाही मारलं?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी कुठलं तरी उत्तर दिलं. आठवत नाही, म्हणजे फालतूच असणार.

त्या तेवीस वर्षांच्या मुलीशी मी अजून भांडते. तिला वाटायचं, मार खाणाऱ्याकडे बघून मारणाऱ्याचं मन पालटतं. मन पालटलं असेल-नसेल, मला दिसलं नाही. धारासण्याला १९३०मध्ये मिठागरापाशी लोकांनी डोक्यावर काठ्या झेलल्या, तेव्हा ते जगाला सांगणारा एक अमेरिकन बातमीदार तिथे उभा होता. आमच्या पायवाटेवर कोण होतं? मी होते, आंब्याखाली.

ती मुलगीही गप्प बसत नाही. म्हणते, तीर सुटला असता तर गोळी सुटली असती. आदल्याच वर्षी नोव्हेंबरात चिंचखेडीला पंधरा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला होता, विसरलीस? विसरले नाही. तिचं चूक आहे असंही म्हणवत नाही. फक्त दुसऱ्याच्या हातातला कामठा टांगायचा अधिकार तिला कोणी दिला, एवढं विचारते. यावर ती वहीकडे बोट दाखवते.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे, तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहतो. पाच एकर मिळाली, त्यातल्या दीड एकरावर दगड. दिवाळीनंतर त्याचा फोन आला: सातबाऱ्यावर अजून धाकट्याचं नाव चढत नाही, सोमवारी सगळे कचेरीपुढे बसणार आहोत, ताई येता का? म्हटलं, येते.

त्याच्या सिमेंटच्या घरात दारामागे खिळ्याला कामठा टांगलेला असतो, मी पाहिला आहे. सोमवारी तो घरी ठेवायचा का, हे त्याने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.