तगरीवरचे हिरवे पतंग

जुलैत पडवीत पांढरी चादर बांधत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "आता रात्रीची कसली धुणी गो?" पतंग बघायचेत म्हटल्यावर नुसत्या हसल्या.

पहिल्या रात्री साधा एलईडी बल्ब लावला. चिलटं आली, पतंग चारच. त्या बल्बात अतिनील किरण जवळजवळ नसतात, आणि पतंगांना ओढ त्यांचीच. मग यूव्ही ट्यूब आणली. चादरीपुढे रात्रभर जागवेना, म्हणून बादली केली: वर ट्यूब, तोंडाला कॅन कापून केलेलं नरसाळं, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग त्यांच्या खळग्यांत शिरून गप्प बसतात. सकाळी आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढायचा, म्हणजे मापही मिळतं, की सोडून द्यायचे. चौथ्या सकाळी एक दयाळ पक्षी माझ्याआधीच बादलीपाशी हजर! तेव्हापासून झाकण लावून सावलीत ठेवते आणि संध्याकाळी झुडपात सोडते.

एक ओळख सहज पटली. मोतिया पांढरे पंख, रुंद काळपट कडा, शेपटाला केसांचा झुबका: डायाफेनिया इंडिका. दोडक्याची पानं गुंडाळून खाणारी, पाठीवर दोन पांढऱ्या रेघांची हिरवी अळी याचीच. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "हाच काय तो चोर!"

घोळ घातला तो पोपटी पंखांच्या, तपकिरी कडेच्या पतंगाने. मोबाइलच्या अॅपने तीन फोटोंना तीन नावं दिली. आठवडाभर मी पंखच न्याहाळत बसले. मग तगरीची एकमेकांना चिकटलेली पानं दिसली, आत अळी. बरणीत तगरीचा पाला घालून, तोंडाला मलमल बांधून ती वाढवली. रोज ताजी पानं आणि विष्ठा साफ करणं, एवढंच काम, पण चुकवून चालत नाही. अळीचा कोष झाला आणि एका सकाळी आतून तोच पोपटी पतंग निघाला. तगर खाणारा म्हटल्यावर शोध पॅरोटिस या प्रजातीपाशी आला. पुढे मात्र अडले. तिच्यातल्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की खात्रीसाठी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. तेवढ्यासाठी त्याला मारणं जिवावर आलं. वहीत लिहिलं: पॅरोटिस, जात अनिश्चित.

परवा सासूबाईंनीच चिकटलेलं पान आणून दिलं. दोडक्यावरच्या अळ्या मात्र अजून चिरडतात, आणि मीही काही बोलत नाही.