साडेबाराची नोंद

हरिश्चंद्रगडाचा एक किस्सा मी वीस वर्षं सांगत आलोय. जुलैचा पाऊस, आम्ही पाच जण, टॉर्च दोन. उतरताना तोलार खिंडीच्या वरच्या रॉकपॅचवर मित्र घसरला, घोटा मोडला. मध्यरात्री पायथ्याच्या खिरेश्वरची माणसं वर आली आणि घोंगडीच्या झोळीत घालून त्याला पहाटे गावात घेऊन आली. ठाण्यात कट्ट्यावर सांगितला, मित्राच्याच लग्नात सांगितला, इथे अमेरिकेत, न्यू हॅम्पशर राज्यात आल्यावर गणपतीच्या जेवणानंतरही सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसले.

गेल्या हिवाळ्यापासून तो मला सांगवत नाही. कारण पुस्तकं.

गावच्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाच्या कपाटात निकोलस हाउ यांचं ‘नॉट विदाउट पेरिल’ सापडलं. 2000 साली आलेलं. इथल्या प्रेसिडेन्शियल रेंजवर दीडशे वर्षांत झालेल्या अपघातांचं हे पुस्तक आहे. या रांगेतलं सगळ्यात उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, 1917 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. आकडा बघून मीही पहिल्या वर्षी म्हणालो होतो, एवढंच ना? पण याच माथ्यावरच्या वेधशाळेत 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेलाय. झाडं संपतात तिथे वाटेवर पिवळी पाटी असते: पुढे अमेरिकेतलं सगळ्यात वाईट हवामान आहे, इथे उन्हाळ्यातसुद्धा माणसं मेली आहेत, हवा बिघडली असेल तर आत्ताच मागे फिरा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला झाडं संपणं म्हणजे नेमकं काय हे कळायला वेळ लागतो. आपल्याकडे कुठेतरी कपार असते, गुहा असते, देऊळ असतं. इथे वर गेल्यावर आडोसाच नाही.

पुस्तकातली जून 1900 ची गोष्ट मी तीनदा वाचली. विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोघे ॲपलेशियन माउंटन क्लबच्या सभेसाठी शिखरावर निघाले होते. सभा वर माथ्यावरच भरणार होती. कर्टिस साठी ओलांडलेले, पण आयुष्यभर कसलेले खेळाडू. तारीख 30 जून. वाटेतल्या एका शिखरावर नोंदवही होती. तीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: पावसाचे ढग, ताशी साठ मैल वारा, थंडी. लिहिलं, वही बंद केली आणि पुढे गेले. बर्फाच्या वादळात दोघांचाही जीव गेला. पुढे क्लबने त्या वाटेवर एक निवारा बांधला.

मी पेन्सिल घेऊन वाचतो (लायब्ररीच्या पुस्तकात नाही, शेजारी वही असते). प्रत्येक अपघातात एक खूण करायची: इथून परत फिरता आलं असतं. कर्टिस-ऑर्म्सबींच्या बाबतीत ती जागा शोधावी लागत नाही, त्यांनीच लिहून ठेवली आहे.

मग टाय गॅन्ये यांचं ‘व्हेअर यू विल फाइंड मी’. लेखक व्यवसायाने जोखीम-व्यवस्थापनातला माणूस, आणि ते पानापानावर जाणवतं. 15 फेब्रुवारी 2015. बत्तीस वर्षांची एक तंदुरुस्त, तयारीची, मोठी शिखरं केलेली तरुणी पहाटे पाचला एकटीच या रांगेवर निघाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिचा आपत्कालीन बीकन, म्हणजे संकटात ठिकाण कळवणारं यंत्र, सुरू झाला. पण त्यावरून मिळणारे ठिकाण सारखं बदलत होतं. उभंही राहता येत नाही अशा वाऱ्यात पथकं रात्रभर शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी ती मृत सापडली. गॅन्ये तिला मूर्ख ठरवत नाहीत, म्हणून मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. तासातासाने तिच्यासोबत चालत राहतात: या वेळी तिला काय दिसत होतं, काय माहीत होतं, कुठली वाट अजून उघडी होती. आपल्याकडे अपघाताची बातमी आली की दोनच वाक्यं ऐकू येतात, ‘अतिउत्साह नडला’ किंवा ‘नशीब’. दोन्हींतून पुढच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दरवर्षी अपघातांचा अंक काढतो. त्यात आधी घडलेलं सांगतात, मग विश्लेषण. दुसऱ्याच्या चुकीतून शिकायला मिळावं म्हणून चाललेला हा खटाटोप बघून मला सह्याद्रीसाठी असं काहीतरी मराठीत हवं असं फार वाटतं. गडांवर आपण किती प्रेमाने लिहितो! टाकी, तटबंदी, शिलालेख, सगळं. कुठे कोण कसा पडला हेही तितक्याच प्रेमाने लिहिलं गेलं पाहिजे.

पण माझा किस्सा कायमचा बंद झाला तो 1982 च्या जानेवारीमुळे.

23 जानेवारीला ह्यू हर हा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा साथीदार माउंट वॉशिंग्टनवरची एक बर्फाची घळ चढले. वर वादळात दिशा चुकली आणि ते डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरले. शोध सुरू झाला. 25 तारखेला शोधपथकातला अल्बर्ट डाउ हा अठ्ठावीस वर्षांचा स्वयंसेवक हिमस्खलनात सापडून मेला. ती मुलं त्या बाजूला नव्हतीच. दुसऱ्या दिवशी बर्फात चालायला गेलेल्या एका बाईला पावलांचे ठसे दिसले आणि त्या मागावर ती दोघं जिवंत मिळाली. हर यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे ते एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात कृत्रिम पायांवर संशोधन करू लागले, हे बहुतेकांना माहीत असतं. डाउंचं नाव इथल्या डोंगरी लोकांना माहीत आहे.

ते वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच त्या रात्रीकडे खिरेश्वरच्या बाजूने बघितलं. रात्री अकरा. धो धो पाऊस, शेवाळलेला कातळ. सहा माणसं, दिवसभर चिखलात भातलावणी करून आलेली, पायांत प्लास्टिकच्या चपला. त्यांतला एक जरी घसरला असता तर? माझ्या किश्श्यात ती माणसं शेवटच्या मिनिटात येतात आणि झोळी उचलतात. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. थोराड अंगाच्या एका मामांनी झोळीचा पुढचा बांबू शेवटपर्यंत सोडला नव्हता, एवढं आठवतं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

त्या रात्री बसून मी किस्सा मोडला आणि नोंद लिहिली. 7:15 खिरेश्वर सोडलं. 9:30 तोलार खिंड. 1:40 देवळापाशी. दोनला परत निघायचं ठरलं होतं. कोकणकड्यावरचं धुकं फाटेल म्हणून थांबलो, चहा केला, पुन्हा थांबलो. निघालो 4:10 ला. लीडर मी होतो. 6:20 ला तो घसरला. आठला आमच्यातला एक जण, एका टॉर्चवर, एकटा गावाकडे उतरला. त्यालाही काही झालं असतं तर आमचा पत्ता कुणाला लागला असता?

धुक्याची दोन तास दहा मिनिटं. पेन्सिलीची खूण मी तिथे केली आणि नोंद मित्राला पाठवली. खाली लिहिलं, चुकलं असेल तर सांग.

त्याचा घोटा थंडीत अजून दुखतो. ठाण्यात सकाळ झाल्यावर त्याचं उत्तर आलं: “सगळं बरोबर आहे. फक्त एक राहिलं. साडेबाराला मी तुला म्हणालो होतो, पाय मुरगळलाय, मी इथेच थांबतो, तुम्ही जाऊन या. तू म्हणालास, चल रे, आलंच.”

मला ते अजिबात आठवत नाही. पण 9:30 आणि 1:40 च्या मध्ये मी ओळ वाढवली आहे. डिसेंबरमध्ये भारतात येतोय, तेव्हा दोघं मिळून खिरेश्वरला जाणार आहोत, त्या मामांचं घर शोधायला.