गॅलिलिओला पैसा कोणी दिला?

आपल्या नाशकात, निफाड-दिंडोरीकडे काही द्राक्षवाले हल्ली मोबाईलवर बागेचा सॅटेलाइट नकाशा बघतात, कुठला पट्टा हिरवागार, कुठला मागे पडलाय ते दिसतं. असे कितीतरी नकाशे युरोपच्या सेंटिनल-२ या उपग्रहांच्या डेटावर बनतात, आणि तो डेटा जगात कोणालाही फुकट, कारण खर्च तिथल्या सरकारांनी उचललाय.

मला सगळ्यात भारी वाटते ती गॅलिलिओची गोष्ट. युरोपला जीपीएससारखी स्वतःची सिस्टिम हवी होती, तीच ही गॅलिलिओ, उपग्रह सोडायचा दोन तृतीयांश खर्च खाजगी कंपन्या करतील असं ठरलेलं, पण कमाई किती होणार, तोटा झाला तर कोण भरणार यावर घोडं अडलं आणि २००७ मध्ये बोलणी फिसकटलीच. मग युरोपियन युनियनने सगळं अंगावर घेतलं, २०१३ पर्यंत ३.४ अब्ज युरो, त्यातला मोठा भाग शेतीच्या बजेटमधल्या न वापरलेल्या पैशांतून! डिसेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू झाली.

माझं स्पष्ट मत, अशी कामं सरकारनेच करावीत. फक्त ईसाचा, म्हणजे युरोपच्या अंतराळ संस्थेचा, एक नियम मला खटकतो, ज्या देशाने जितका पैसा घातला साधारण तितकी कंत्राटं त्याच देशातल्या कंपन्यांना, त्याने छोटे देश सोबत राहतात हे खरं पण काम उगाच तुकड्यातुकड्यांत वाटलं जातं.