तुम्ही विचारलंत म्हणून: टमाटरच्या फांद्या छाटायच्या का?

गच्चीवरच्या कुंड्या पाहून कॉलनीतले सगळे हेच विचारतात, की झाड कमरेच्या वर गेलं, पानंच पानं झाली, टमाटर मात्र लागून नाही राहिले, तर छाटू का? आधी सांगा, जात कोणती आणली. बुटक्या जाती ठराविक उंचीवर थांबतात, त्यांच्या फांद्या तोडल्या म्हणजे फळंच तोडली. पुसा रुबीसारखी वाढतच जाणारी असेल तर छाटा, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात जो कोवळा फुटवा निघतो तो बोटभर व्हायच्या आत चिमटीने खुडायचा, कात्री लागतच नाही, आणि सकाळी केलं की दुपारपर्यंत जखम सुकते. फुलांच्या पहिल्या गुच्छाखालचा फुटवा जोमदार असतो, तो हवा तर दुसरं खोड म्हणून ठेवा, त्याच्या खालचे सगळे काढा, दोन्ही खोडं सुतळीने काठीला सैल बांधा. मातीला टेकलेली पानंही काढा, पाणी टाकताना चिखल उडतो आणि करपा रोग तिथूनच वर चढतो.

आणि हो, खर्रा चोळून आले असाल तर आधी साबणाने हात धुवा. थट्टा नाही करून राहिलो, तंबाखूतून मोझॅक व्हायरस झाडाला लागू शकतो, पानं चितकबरी होतात, त्यावर औषध नाही, झाड उपटूनच फेकावं लागतं.

आता यूट्यूबवर थंड देशातले लोक झाड पार नागडं करतात, ते पाहून इथे मार्चमध्ये तसं करू नका बावा. पान फळाची छत्री आहे, ती गेली की आपल्या उन्हाने टमाटरवर पांढरट चट्टा पडतो, साल कागदासारखी होते. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही गरमच राहिली की परागकण कामाचे राहत नाहीत, फुलं गळतात, मग मे मधल्या 45 डिग्रीत छाटून काय होणार? रोपं ऑक्टोबरात लावा, थंडीत खा, सरळ हिशोब.

टमाटरचं बुड काळं पडतं त्याचा छाटणीशी काही संबंध नाही बरं, ते कधी बादलीभर पाणी, कधी दोन दिवस काहीच नाही, यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून. आणि नुसती पानंच असतील तर फुटवे खुडायच्या आधी युरिया बंद करा.