आबांची उजवी चप्पल

आज आबांना घेऊन जळगावला फिजिओथेरपीला गेलो होतो. लकवा मारून आठ महिने झाले. उजवं पाऊल उचलताना पंजा खाली लोंबतो, अंगठा घासतो. त्या एकाच चपलेचं टोक झिजून पार कागदासारखं झालंय. रावेरकडच्या केळीच्या बागेत उभा जन्म पायी काढलेला माणूस म्हणतो, "हाऊ पाय मनं आयकत नही." पोटात कालवतं हो.

प्लास्टिकचा स्प्लिंट पंजा वर धरतो, पण घोटा जखडतो. जमीन मागे ढकलायचा जोरच मिळत नाही. थेरपिस्ट ताईंनी मोबाईलवर हार्वर्डच्या संशोधकांचा मऊ रोबोटिक सूट दाखवला. कमरेला मोटर, तिथून बुटापर्यंत केबल. पाऊल उचललं की पंजा वर ओढते, टाच उचलताना मागून बळ देते. अशाच सूटला अमेरिकेत २०१९ मध्ये थेरपीसाठी मान्यताही मिळाली. हे आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत यायलाच हवं.

आबांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. मग काठी माझ्या हातात दिली आणि दारापर्यंत चालले. सात पावलं. सहाव्याला अंगठा घासला नाही.