तुम्ही विचारलंत म्हणून: कुझुशिजी यंत्र वाचतं, मग माणसं कशाला?

पुण्यात जपानी शिकून एन-२, एन-१ (जपानी भाषा-परीक्षेच्या वरच्या दोन पातळ्या) झालेली मुलं हमखास विचारतात, "जुनी जपानी पुस्तकं आता स्कॅन झालीत, त्यांतली कुझुशिजी ही जुनी गुंतागुंतीची लिहिण्याची वळणंसुद्धा एआय वाचतं म्हणे. मग विद्यापीठाच्या जपानी ग्रंथालयात डिजिटल प्रकल्पांचा समन्वय करायचा म्हणजे तुम्ही करता तरी काय?"

यंत्र वाचतं, हे खरं आहे. जुन्या ग्रंथांचा डेटा खुला करणाऱ्या तोक्योतल्या सीओडीएच या केंद्राने जुन्या पुस्तकांतून दहा लाखांवर अक्षरांची चित्रं नावनिशीवार गोळा केली आणि २०२१ मध्ये कुझुशिजी वाचणारं 'मिवो' हे फोनवरचं अ‍ॅप काढलं. जपानच्या राष्ट्रीय संसदीय ग्रंथालयाने जुन्या ग्रंथांसाठी केलेलं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे. त्याची 'लाइट' आवृत्ती तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर चालते. पण यंत्रापुढे काय ठेवायचं, त्याने वाचलेलं कसं लिहून ठेवायचं आणि त्यातलं काय लोकांपुढे कसं आणायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमचा बहुतेक वेळ त्यात जातो. हे निर्णय पहिल्या पंधरवड्यात कागदावर आले नाहीत, तर वर्षभराने सगळं उसवावं लागतं.

कुझुशिजी ही समजा मोडीची जपानी मावसबहीण. घाईघाईच्या, एकमेकांत गुंतलेल्या वळणाची. त्यात भर म्हणजे १९०० साली शाळांसाठी 'एका उच्चाराला एकच काना (जपानी उच्चार-अक्षर)' हा नियम झाला. त्याआधी एकाच उच्चाराची चार-पाच वेगवेगळी अक्षरं सर्रास चालत. म्हणून एन-१ झालेल्यालाही एदो काळातलं (१६०३ ते १८६८) पान वाचता येत नाही. उत्तम मराठी येणारा मोडीपुढे अडतो, तसंच ते.

सुरुवात फोटोपासून. जुनं जपानी पुस्तक 'फुकुरोतोजी' पद्धतीने शिवलेलं असतं. एका बाजूला छापलेला ताव मधोमध दुमडायचा, घडी बाहेर ठेवायची आणि मोकळ्या कडा शिवणीत घ्यायच्या. अशा २५ तावांचं पुस्तक उघडून टिपलं तर जोडपानांचे २६ फोटो होतात, पुढचं-मागचं वेष्टन धरून २८. हानशिबोन या नेहमीच्या आकाराचं उघडं पुस्तक साधारण २३ बाय ३२ सेंमी भरतं. ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके) आणि २४ बिट रंग धरले, तर चित्र न दाबता साठवणारी एक टिफ फाइल ५५ एमबीच्या आसपास जाते. पाच खंडांचा संच असेल तर १४० फोटो आणि पावणेआठ जीबी, तेही एकाच प्रतीत. साठवण तीन ठिकाणी धरून जागा मागा. नंतर मागायला गेलं की मिळत नाही.

किडीने खाल्लेल्या पुस्तकांत एक गंमत होते. ताव दुहेरी असल्यामुळे भोकातून खालच्या थराची अक्षरं डोकावतात आणि यंत्र ती इमानदारीने वाचतं. घडीच्या आत पातळ कोरा कागद सरकवला की हे थांबतं, पण ते जतन विभागाला विचारूनच करायचं. ग्रंथालयांचे लाल शिक्केही मजकुरात घुसतात. आणि किब्योशीसारख्या चित्रकथांत मजकूर माणसांच्या डोक्यावरून, छत्रीखालून वाट काढत जातो. तिथे अक्षरं बरोबर वाचली तरी क्रम चुकतो. असा क्रम हातानेच लावावा लागतो.

फाइलींच्या नावांत जपानी अक्षरं घालू नका. मॅकवर 'गा' हा काना कधी कधी 'का' आणि वरच्या दोन रेघा असा फोडून साठवला जातो. दिसायला तोच, पण संगणकाच्या लेखी वेगळा. रोमन लिपीतला दीर्घ 'ओ'सुद्धा असाच दोन प्रकारे लिहिता येतो. सगळा मजकूर एनएफसी (युनिकोडचं जोडून लिहिलेलं रूप) या एकाच रूपात आणल्याशिवाय शोध नीट चालत नाही. तो दीर्घ 'ओ' सोयीसाठी ह्रस्व करून टाकणारे तर धन्य: ओओनो आणि ओनो ही दोन वेगळी आडनावं आहेत, आणि यादीत त्यांची एकच व्यक्ती होऊन बसते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली तक्त्याची) फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की अक्षरांची खिचडी होते, जपानीत त्याला 'मोजिबाके' म्हणतात. जुन्या डीटीपी फाँटमधली मराठी फाइल उघडून पाहिलेल्यांना हे दृश्य नवं नाही. डेटा मेनूतून, यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडून फाइल आत घ्यायची, एवढाच इलाज.

आता लिप्यंतराचे, म्हणजे जुना मजकूर आजच्या अक्षरांत उतरवण्याचे नियम. जुन्या मजकुरात 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन रेघा, म्हणजे दाकुतेन, बऱ्याचदा दिलेल्याच नसतात. वाचणारा संदर्भाने समजून घेतो. मोडीत ह्रस्व-दीर्घाचं होतं तसंच. मग उतरवताना जसं आहे तसं लिहायचं, की रेघा घालायच्या? जसंच्या तसं ठेवलं तर आजच्या शब्दाने शोधणाऱ्याला काही सापडत नाही. घातल्या तर संपादकाचा अर्थ मूळ मजकूर म्हणून खपतो. आमचं मत: दोन थर ठेवा. एक मुळाबरहुकूम, एक शोधासाठी. कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, जुन्या-नव्या रूपांनाही हेच लागू. शेजारी बारीक अक्षरांत छापलेला उच्चार, म्हणजे फुरिगाना, मुख्य ओळीत मिसळू द्यायचा नाही. ग्रंथांच्या मजकुराला खुणा लावण्याच्या टीईआय या मानकात २०२१ पासून त्यासाठी 'रुबी' ही स्वतंत्र खूण आहे, ती वापरा.

हे नियम दोन पानांत मावले पाहिजेत. मग २० पानं दोघांकडून स्वतंत्रपणे उतरवून घ्यायची आणि ताडून पाहायची. मतभेद जिथे जिथे सापडतील, तिथे तिथे नियम अपुरा आहे. 'मिन्ना दे होनकोकु' हा भूकंपांच्या जुन्या नोंदी लोकांकडून उतरवून घेणारा उपक्रम २०१७ पासून चालू आहे. तशा खुल्या कामात उतरायचं असेल, तर ही तालीम आधी झालेली हवी.

सगळ्यात जास्त फसवते ती तारीख. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर, अधिक मासासकट. शकात ७८ मिळवून मोकळं होणाऱ्याला पौष-माघ जसे चकवतात, तसंच इथे. जपानी काळखंडांच्या नावांनी वर्षं मोजत; तेन्पो १२ म्हणजे १८४१ असं कोष्टक सांगतं, पण त्या वर्षाचा बारावा महिना १८४२ मध्ये पडतो. मेजी ५ च्या बाराव्या महिन्याचे तर दोनच दिवस झाले. तिसऱ्या दिवशी नव्या कॅलेंडराप्रमाणे १ जानेवारी १८७३ उजाडला. म्हणून रकाने तीन: पुस्तकात लिहिलंय ते जसंच्या तसं, इसवी सनातला पल्ला, आणि ही तारीख कुठून काढली त्याची नोंद.

तारीख बरोबर वाचली तरी ती कशाची, हा प्रश्न उरतोच. छपाईचे लाकडी ठसे ही मालमत्ता होती आणि ती विकली जाई. नवा प्रकाशक शेवटच्या पानावरचं जुन्याचं नाव कोरून काढी, तिथे लाकडाचा नवा तुकडा बसवून आपलं नाव घाली, आणि तारीख तशीच राहू देई. त्यामुळे पानावर छापलेल्या सालानंतर कित्येक दशकांनी निघालेली प्रतही तेच साल मिरवते. जपानी सूचिकार यासाठी तीन शब्द वेगळे ठेवतात: 'कान' म्हणजे ठसे कोरून प्रसिद्ध केलं ते, 'इन' म्हणजे ही प्रत छापली ते, आणि 'शू' म्हणजे ठशांत दुरुस्ती केली ते. आपल्या तक्त्यात 'प्रकाशनवर्ष' हा एकच रकाना असेल तर हे तिन्ही त्यात कोंबले जातात आणि त्यावर काढलेला आलेख दिसतो सुंदर, असतो खोटा. दोन प्रतींचे फोटो शेजारी लावून मजकुराभोवतीच्या चौकटीच्या रेघा पाहाव्यात. जिथे रेघ तुटलेली, झिजलेली, ती प्रत सहसा नंतरची.

फोटो लोकांपुढे ठेवताना ट्रिपल-आय-एफ हे ग्रंथालयांचे फोटो दाखवण्याचं मानक वापरतो. त्याच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पुस्तकाची पानं आणि क्रम सांगणाऱ्या फाइलीत, वाचनाची दिशा 'उजवीकडून डावीकडे' असं सांगावं लागतं. ते राहिलं की पुस्तक उलटं चालतं. ही चूक अजूनही ठिकठिकाणी दिसते. मॅनिफेस्टचा पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या रचनेवर अवलंबून ठेवू नका. संकेतस्थळ नवं झालं की दुसऱ्यांनी त्या पत्त्यावर केलेलं सगळं काम तुटतं.

शब्द मोजायचे असतील तर आधी शब्द सुटे करावे लागतात, कारण जपानीत मध्ये जागा नसते. त्यासाठी मेकॅब हे शब्द तोडणारं सॉफ्टवेअर चालतं, पण आजच्या भाषेचा कोश लावून एदो काळातलं गद्य तोडलं तर नुसते तुकडे हाती येतात. त्यासाठी युनिडिक या कोशमालेचे काळानुसार वेगवेगळे कोश आहेत. कुठला वापरला, कुठली आवृत्ती, हे निकालाच्या शेजारीच लिहा.

स्वामित्वहक्काबद्दल थोडक्यात: जपानने मुदत ५० वरून ७० वर्षं केली ती ३० डिसेंबर २०१८ ला, आधीच हक्क संपलेल्यांना न लावता. म्हणजे १९६७ पर्यंत वारलेले लेखक मोकळे, आणि १९६८ मध्ये वारलेल्यांसाठी २०३८ अखेरपर्यंत थांबायचं. प्रस्तावना, चित्रं, फोटो यांचे हक्क वेगळे तपासायचे. आणि सर्व्हर ज्या देशात आहे तिथला कायदा पुन्हा निराळा.

राहिले नकाशे. जुन्या शहरांच्या नकाशांवर 'एता' म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांच्या वस्त्या त्याच शब्दाने दाखवलेल्या असतात. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. २००९ मध्ये असे नकाशे गूगल अर्थवर आजच्या शहरांवर चढवले गेले, तेव्हा बुराकु, म्हणजे त्याच बहिष्कृत समाजाच्या वंशजांच्या बाजूने तीव्र हरकत आली, आणि ती योग्य होती. कुणाचं घराणं कुठल्या वस्तीतलं, हे शोधून नोकरी आणि लग्नं नाकारली गेली आहेत. अशा गावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ मध्ये उघड झालं. हा शब्द ओसीआर अगदी अचूक वाचतं. अशा नकाशावरचा मजकूर आम्ही खोडत नाही, कारण खोडलेला नकाशा इतिहासाबद्दल खोटं बोलतो. फोटो पूर्ण ठेवतो, सोबत शब्दाचा इतिहास सांगणारी टीप देतो. पण त्या जागांची नावं शोधयादीत घालत नाही, आजच्या नकाशावर बसवलेला थर खुला करत नाही, आणि संशोधकाला तो हवा असेल तर कशासाठी हे लेखी विचारतो.