पातेलं मोठं, पंगत छोटी

बुधवार, २७ ऑक्टोबर २०२१, लातूर

रात्री खानावळीत एका पोरानं आमटीचा एक घास घेतला आणि दही मागितलं. खारट झालीय, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

हिशेब तर चुकला नव्हता. साठ ताटांना अडीच किलो तूरडाळ आणि तीन मुठी मीठ. आता ताटं एकोणीस, म्हणून पाऊण किलो डाळ, एक मूठ मीठ. गणितात बसतं, जिभेला बसत नाही. चूक पातेल्याची. रुंद पातेल्यात थोडी आमटी टाकली की थर बोटभर होतो, पाणी भराभर आटतं आणि मीठ तेवढंच राहतं. आमटीत घातलेला येसर मसालाही खाली धरतो. सगळं तीनानं भागलं, पातेलं मात्र तेच ठेवलं.

गॅसचंही तेच. तवा तापायला लागतो तेवढा लागतोच, पोळ्या ऐंशी असोत की अडीचशे. पोरं तिसऱ्या हिश्शाला आली, सिलिंडर काही तिप्पट दिवस पुरत नाही. हे आधी का सुचलं नाही? लॉकडाऊनमध्ये खानावळ बंद ठेवायची शिकवण दोनदा मिळाली, उघडायची कुणी देत नाही. कॉलेजं २० तारखेला उघडली, फ्रिजच्या रबराची बुरशी सोड्यानं पुसली, गॅसची नळी बदलली, खवट दाणे आणि जाळी धरलेलं तिखट टाकून दिलं. एवढं झालं की झालं, असं वाटलं होतं. हात उघडायचा राहिला.

मार्च २०२०ची वही अजून फळीवर आहे. त्यात आगाऊ भरलेले पैसे कुणाकुणाचे... जाऊ दे.

भाकरीनं तर लाजच काढली. पूर्वी संध्याकाळी भाकरीवाले पंचवीस, दोन-दोन धरल्या तरी पाच-साडेपाच किलो पीठ जायचं. तीस किलोचं दळण सहाव्या दिवशी संपायचं. आता भाकरीवाले आठ, रोज पावणेदोन किलो. तेच दळण दोन आठवडे उलटले तरी संपायचं नाही. दहा-बारा दिवसांत ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते. उकळत्या पाण्यात मळलं की तेवढ्यापुरतं जमतं, पण तो काही खरा तोडगा नाही. दळण पाच-सहा किलोच आणावं. गिरणीवाला हसेल, हसू दे. त्याचंही दळण कमीच झालंय.

स्वयंपाकाच्या मावशी असत्या तर पीठ हातात घेऊनच ‘विरी गेली’ म्हणाल्या असत्या. पण त्या गावाकडनं येतील असं वाटत नाही.

२०१६च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा डोकं घागरी मोजण्यात असायचं. आता पाणी आहे, पोरं मोजायची. आणि तीही दिवाळीला निघतील, रविवारपासून ताटं किती, कुणास ठाऊक. कॅलेंडरवर नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

मोठं पातेलं पालथं घालून माळ्यावर टाकलं. चढवताना कंबर धरली, उतरवायचं कुणाला सांगायचं ते तेव्हाचं तेव्हा. घरचं उभट पातेलं काढलं, त्यात पाऊण किलो डाळ गळ्यापर्यंत येते, आटत नाही. मीठ निम्मंच, बाकीचं शेवटी चाखून.

विरजण मात्र आज जरा जास्तच लावलंय.